कापलेले चाळीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी जोडतार आहे. माझी लांबी दीड हात आणि रंग एके काळी काळा. माझ्या दोन्ही टोकांना प्लग आहेत आणि मधोमध मलमाची एक चपटी, पत्र्याची डबी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, तारेने डबी गिळली आणि ती घशात अडकली. त्या डबीत माझा सगळा स्वभाव आहे. तो गोड नाही. मी संशयी आहे. मला घडवलेच मुळी संशयापोटी.

ज्यांनी मला घडवले ते गृहस्थ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. नोकरीत वर्षानुवर्षे हेडफोन लावून त्यांचा डावा कान पार गेला होता, उजवा कसाबसा चालत होता. त्यांची सून त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते. मुलगा जहाजावर नोकरीला होता, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात ही दोघेच. बाबा खिडकीशी टेबल मांडून जुने रेडिओ उघडायचे, नवे काहीबाही जोडायचे. सून आतल्या खोलीत संगणकासमोर बसून मोठ्याने पुस्तके वाचायची. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित करणे हे तिचे काम होते. इतिहास, रसायनशास्त्र, व्याकरण, सगळे तिच्या आवाजात. खोलीच्या भिंतींवर तिने जाड चादरी टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमत नसे.

एकदा तिच्या ध्वनिमुद्रणात एक भलताच आवाज येऊ लागला. वाचनाच्या मध्येच, अगदी पुसट. खर्र... टक्. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. अख्खे पान पुन्हा वाचावे लागे. तिला पहिला संशय कोणाचा आला असेल, हे तुम्ही ओळखलेच असेल.

"बाबा, तुमचं काय चालू आहे?"

"काहीच नाही गं. सगळे प्लग काढून ठेवलेत. ये, बघ हवं तर."

"मग ही टक् टक् कसली? भूत आहे का घरात?"

बाबांना तो आवाज ऐकूच येत नव्हता. जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्याचा आरोप कसा खोडून काढायचा? त्यांनी एका मोडक्या गजराच्या घड्याळातली पितळेची पातळ चकती काढली. अशी चकती भिंतीवर चिकटवली की ती भिंतीची बारीक थरथर पकडते. ती थरथर मोठी करायला त्यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा अँप्लिफायर जोडला. आता आवाज कोणत्या क्षणी येतो याची नोंद हवी होती, आणि अशी नोंद ठेवणारे यंत्र घरात एकच होते. सुनेचा संगणक.

सून बाजारात गेलेली पाहून बाबांनी अँप्लिफायरची स्पीकरकडे जाणारी तार सरळ संगणकाच्या माइकच्या भोकात खुपसली. प्लग छान बसला. मित्रांनो, प्लग बसला म्हणजे जोडणी जमली असे नसते, हे उभा जन्म तारा जोडण्यात घालवलेल्या माणसाला कळायला हवे होते. माइकच्या भोकाला कुजबुज ऐकायची सवय असते. अँप्लिफायरने तिथे जाऊन बोंब ठोकली. संगणकाचा कान गेला.

सून परत आली, तिने माइक लावला, आणि तिला काय ते समजले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. दुरुस्तीवाल्याने नवे साउंड कार्ड बसवेपर्यंत ती बाबांशी चकार शब्द बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, "तुमची कुठलीही वस्तू माझ्या संगणकाला लागता कामा नये."

त्यानंतर तीन दिवस खपून बाबांनी मला केले.

माझ्या डबीत चार प्रकारचे पहारेकरी बसवले. पहिले दोन रेझिस्टर. शंभर भाग आवाज आला तर ते नव्व्याण्णव भाग तिथेच जिरवतात आणि एकच पुढे सोडतात. मग एक कपॅसिटर, जो बॅटरीचा सरळ प्रवाह अडवतो आणि फक्त आवाजाची लहर जाऊ देतो. मग टाकून दिलेल्या मोडेममधला एक बोराएवढा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या अलीकडची तार पलीकडच्या तारेला शिवतसुद्धा नाही, तरी आवाज तेवढा पार होतो. आणि शेवटी दोन डायोड, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. आवाज मर्यादेबाहेर चढला, की ते तिथल्या तिथे त्याचा गळा धरतात. येणाऱ्या प्रत्येकाकडे वाकड्या नजरेने बघायचे, हे माझे कामच ठरले.

सून हाताची घडी घालून दारात उभी राहिली. बाबांनी अँप्लिफायरचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि माझ्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला.

"वाच आकडा."

"वीस मिलिव्होल्ट."

"तुझ्या माइकच्या भोकाला सोसेल एवढंच आहे."

"आणि मीटरच खोटा असला तर?"

बाबांनी कपाटातून कोरा सेल आणला आणि मीटरला लावला. सेलवर छापला होता तोच आकडा मीटरवर आला. सुनेने स्वतः तो सेल उलटसुलट करून पाहिला. मग खुर्ची ओढून संगणकाला खेटून बसली.

"जोडा. पण मी इथून हलणार नाही."

मला जोडले. पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ चालू लागली. थोड्या वेळाने ती किंचित थरथरली, आणि मग एकाएकी तिच्यावर काट्यासारखे एक टोक उभे राहिले. टक्. बाबांना ते ऐकू आले नाही, पण दिसले. खुर्चीतून अर्धे उठून ते म्हणाले, "हाच! हाच तो!"

चकती लावलेली भिंत, लिफ्ट ज्यातून वर-खाली करते त्या बोळाला लागून होती. संशय तिकडे वळायला वेळ लागला नाही. सून जिन्यात जाऊन लिफ्टचा दिवा बघत उभी राहिली आणि मजला ओरडून सांगू लागली. "पहिला! दुसरा! तिसरा!" तिसरा म्हणताक्षणी पडद्यावर काटा उभा राहिला. दहा फेऱ्या पाहिल्या, दहाही वेळा तिसराच. सून आत आली.

"म्हणजे तुमचं यंत्र नव्हतं."

तिच्याकडून यापेक्षा मोठी माफी मिळणार नव्हती. बाबांनी ती घेतली. त्या संध्याकाळी त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसले. माझ्या आयुष्यातले कौतुकाचे दिवस सुरू झाले ते तेव्हा.

पण बाबांचे मन स्वस्थ नव्हते. दर वेळी तिसराच मजला का? त्यांनी कागदावर लिफ्ट काढली, वरची कप्पी काढली, दोर काढले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापाशी येते तेव्हा दोराचा एक ठरावीक भाग कप्पीवरून जातो. दर वेळी तोच भाग. त्या भागाला काहीतरी झाले आहे. 

इमारतीचे सचिव छापखाना चालवायचे. बाबा कागद घेऊन त्यांच्याकडे जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?" सुनेने विचारले.

"म्हणाले, लिफ्टवाला दर महिन्याला येतो, तेल घालतो, सही करतो. म्हणाले, काका, तुमचा डावा कान बंद, उजवा किती चालतो? पाचव्या मजल्यावरच्या टेलरबाईंचे गुडघे गेलेत. लिफ्ट बंद केली तर त्या घरात कोंडल्या जातील. तुमच्या एका संशयापायी?"

यात खोटे काही नव्हते. टेलरबाईंचे दुकान तळमजल्यावर होते आणि दिवसातून चार वेळा त्या लिफ्टने वर-खाली करायच्या. पण तोच तर प्रश्न होता. त्या लिफ्टमध्ये सगळ्यांत जास्त वेळ त्याच असायच्या.

आठवडाभराचे ध्वनिमुद्रण करायचे आणि आवाज कसा वाढतो आहे ते दाखवायचे, असे बाबांनी ठरवले. चकती आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवर गेली, कारण तिथे आवाज अधिक स्पष्ट येई. मी दुपारी आणि सकाळी, सूनबाईंचे वाचन नसेल तेव्हा, कामाला लागले.

एक दिवस टेलरबाई पडद्याचे माप घ्यायला आल्या. भिंतीवर चिकटवलेली चकती, तिच्यातून निघालेली तार, हे सगळे त्यांनी पाहिले. त्यांनी काही विचारले नाही, माप घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत कुजबुज सुरू झाली. चौथ्या मजल्यावरचे काका भिंतीला यंत्र लावून घराघरांतले बोलणे ऐकतात. बाबा जिन्यात दिसले की बोलणारी माणसे गप्प व्हायची. एकीने तर आपल्या स्वयंपाकघराची भिंत ठोकून पाहिली. ती ठोक ठोक मीच संगणकापर्यंत पोचवली.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळचे अकरा वाजले होते. बाबा आतल्या खोलीत संगणकासमोर होते, उजव्या कानाला हेडफोन लावून. सून स्वयंपाकघरात होती. तिच्या ताईचा फोन आला. भिंतीला टेकून ती बोलू लागली, आणि तिच्या पाठीपासून हातभर अंतरावर ती चकती होती.

मित्रांनो, माझे पहारेकरी आवाज किती मोठा आहे एवढेच बघतात. आत काय बोलले जात आहे, ते त्यांना कळत नाही. तिचा आवाज हळू होता. त्यांनी तो निमूटपणे सोडून दिला.

"ताई, मला आता झेपत नाही गं. हे आठ महिने समुद्रावर, आणि मी इथे. बाबा आज एक उघडतात, उद्या दुसरं जाळतात. माझं काम बुडालं तर? त्या नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात फोन केला होता मी. जागा आहे म्हणाले. बाबांना कसं सांगायचं तेच कळत नाही."

त्या बोलण्याच्या खाली लिफ्ट वर चढत होती. खर्र... टक् टक्. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन काटे उभे राहिले. पण बाबांनी पडद्याकडे पाहिलेच नाही.

सून फोन ठेवून कामाला लागली. बाबांनी संगणकातली ती छोटी कात्री शोधून काढली. ध्वनिमुद्रणातला नको तो भाग त्या कात्रीने कापता येतो, हे सुनेनेच त्यांना शिकवले होते. त्यांनी चाळीस सेकंद कापले, दोन्ही टोके जोडली, नवी फाइल केली आणि मूळ फाइल टाकून दिली. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस पुरावा गोळा करतो आहे आणि स्वतःच तो कापतो आहे. याला काय म्हणायचे?

पुढचे चार दिवस घरात कमालीची शांतता होती. "काय झालंय?" सून विचारायची. "काही नाही," बाबा म्हणायचे. ती त्यांच्याकडे बघायची, ते दुसरीकडे बघायचे.

शनिवारी सकाळी सचिव आले. त्यांच्यामागे टेलरबाई, आणि आणखी दोन-तीन शेजारी. सगळे संगणकाभोवती दाटीवाटीने उभे राहिले.

"काका, स्पष्टच बोलतो," सचिव म्हणाले. "लोक तक्रार करताहेत. काय ऐकता ते आम्हालाही ऐकवा."

"तेवढ्यासाठीच तर केलंय," बाबा म्हणाले. त्यांनी सोमवारच्या फेऱ्या ऐकवल्या. खर्र... टक्. सचिवांनी मान हलवली, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मग मंगळवार लागला. लिफ्ट तळमजल्यावरून निघाल्याची घरघर आली, आणि श्वास घेऊन सोडावा एवढ्यात वर थांबल्याचा धप्प आवाज.

टेलरबाईंनी हात वर केला.

"थांबा. मंगळवारी अकराला मीच होते लिफ्टमध्ये. कात्री विसरले म्हणून वर गेले होते. इतक्या लवकर पाचवा मजला? रोज चार वेळा जाते मी, मला नका शिकवू. आणि या फेरीत तुमची ती टक् कुठे गेली?"



"मधलं कापलंय तुम्ही," टेलरबाई म्हणाल्या. "काय होतं त्यात? कोणाचं बोलणं?"

सचिवांनी आपला चष्मा काढला. "काका, हा पुरावा मी कसा धरू? जो कापतो तो चिकटवूही शकतो. ती टक् तुम्हीच कशावरून चिकटवली नाही?"

बाबा एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. ते बोलले नाहीत. आपले खोटे ठरणे त्यांनी गिळले, आणि त्याबरोबर टेलरबाईंची लिफ्टही चालूच राहणार होती. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दोन्ही दिसत होते.

सून इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली आणि पडद्यावर वाकली. तिचे रोजचे कामच आवाज कापण्या-जोडण्याचे. जोड कुठे आहे, हे तिला पाहताक्षणी समजले. तिने ध्वनिमुद्रणाची वेळ वाचली. मंगळवार, अकरा वाजून सात मिनिटे. मी तिच्या बोटांशीच होते, आणि तिची बोटे एकदम थंड पडलेली मला जाणवली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही ऐकलंत?"

बाबा म्हणाले, "राहू दे गं. जाऊ दे त्यांना."

तिने संगणकातली कचरापेटी उघडली. बाबांना फाइल टाकायला येत होती, पेटी रिकामी करायला येत नव्हती. मूळ फाइल तिथेच पडली होती. तिने ती बाहेर काढली, स्पीकरचा आवाज वाढवला आणि लावली.

"सूनबाई, नको," बाबा म्हणाले.

पण तोवर तिचाच आवाज खोलीत घुमू लागला होता. झेपत नाही गं. वृद्धाश्रम. जागा आहे म्हणाले. शेजारी जमिनीकडे बघू लागले. सून मात्र मान ताठ ठेवून पडद्याकडे बघत राहिली. आणि "बाबांना कसं सांगायचं" या शब्दांच्या मागोमाग, अगदी स्वच्छ, खर्र... टक् टक्.

तिने तिथे थांबवले.

"हा आवाज माझा आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या घरातलं यात काही नाही. यांनी कापलं ते माझ्यासाठी कापलं. आणि हे दोन काटे बघा. सोमवारी एकच होता. मंगळवारी या बाई आत असताना दोन झाले. आता लिफ्ट बंद करणार, की अजून कोणाचं काही ऐकायचंय?"

पहिल्यांदा बोलल्या त्या टेलरबाई. "बंद करा," त्या सचिवांना म्हणाल्या. "मी वरच बसून शिवीन. कपडे टोपलीतून वर पाठवा."

सोमवारी लिफ्टवाल्या कंपनीचा मेकॅनिक आला. नेहमीचा नव्हे, दुसराच. गच्चीवरून उतरल्यावर तो आधी आमच्या घरी आला आणि कोणी विचारण्याआधीच त्याने पाणी मागितले. लिफ्ट ओढणाऱ्या पोलादी दोरांपैकी एकाच्या तारा तुटून झाडूसारख्या बाहेर आल्या होत्या. तो भाग कप्पीवरून जाताना तिच्या कडेला अडकायचा आणि सुटायचा. तीच ती टक्.

"बाकीच्या दोरांनी तोलून धरलं होतं," तो म्हणाला. "किती दिवस धरलं असतं, ते मला विचारू नका."

ग्लास ठेवताना त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. "हे कोणी केलं?" त्याने विचारले. बाबांनी सांगितले. त्याने माझी डबी उघडून आतले पाहिले आणि "नीट आहे" एवढेच म्हणाला. मला आजही ते दोन शब्द पाठ आहेत.

तो गेल्यावर दोघे समोरासमोर बसले. 

"मी बोलले होते, बाबा. खोटं नाही सांगणार. त्या दिवशी मनापासूनच बोलले."

"माहीत आहे. एक कान तरी चालू आहे माझा."

"मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मीही विचारून प्लग खुपसायला हवा होता." बाबांनी खिडकीशी मांडलेल्या टेबलाकडे पाहिले. "तिकडे टेबल ठेवू देतात का?"

सून हसली, मग रडली. तिने फोन उचलून वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळवले नाही, आणि हो म्हणूनही कळवले नाही. तो विषय दोघांनी मुलगा घरी येईपर्यंत उघडाच ठेवला. तो आल्यावर तिघांनी मिळून बोलून ठरवले, की बाबा इथेच राहतील, आणि सुनेच्या कामाच्या वेळात त्यांचे टेबल बंद राहील. दोघांनीही ते बहुतेक पाळले.

पुढे बाबांचा उजवा कानही गेला. मग ते मला संगणकाला जोडून दुरुस्त केलेले रेडिओ डोळ्यांनी ऐकायचे. हिरवी रेघ नाचली की म्हणायचे, "बोलला!" आज बाबा नाहीत. नव्या संगणकाला माझ्यासारख्या प्लगचे गोल भोकच नाही. मी स्क्रूच्या डब्याखाली, खणात आहे. सून अधूनमधून खण उघडते, मला बाजूला सरकवते आणि कात्री घेते. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, संशय घेण्यात मला लाज वाटत नाही. मीटर लावून संशय घ्या, विचारून घ्या, आणि तोही एकदा तपासून बघा, म्हणजे झाले. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला अंगाला धरून ओढू नका, प्लगला धरून काढा. मला एकदा घाईत कोणीतरी तसे ओढले, आणि माझ्या उजव्या टोकाची बारीक तार आतल्या आत तुटली. वरून काही दिसत नाही. फार मोठे काम नाही, सोल्डरचा एक थेंब पुरेल. कोणाला पाच मिनिटे सवड आहे का?